दोन लांब, एक आखूड

फोन वाजला आणि व्हर्लीन टिडमोरच्या हातातला टोमॅटो सुटला, ओट्यावरून गडगडला आणि मांजराच्या पाण्याच्या वाडग्यात जाऊन बसला. मांजराने आधी टोमॅटोकडे पाहिलं, मग व्हर्लीनकडे पाहिलं, आणि असल्या घरात राहण्यात अर्थ नाही अशा चालीने ते उठून गेलं. भर दुपार होती. ऑगस्टचं ऊन खिडकीच्या जाळीला चिकटून बसलं होतं. अशा वेळी आमच्या खोऱ्यात फोन करतात ते एक तर खिडक्या विकणारे, नाहीतर चर्चच्या जेवणाला कोण काय आणणार हे विचारणाऱ्या बाया. घाबरण्यासारखं दोघांतही काही नाही. पण पहिल्या घंटेला दचकायची ती बावन्न वर्षांची व्हर्लीन नव्हतीच. ती सात वर्षांची एक मुलगी होती, आणि ती मुलगी वयाचं ऐकत नसे. हात ॲप्रनला पुसून तिने फोन उचलला. डेल्फा होती. डेल्फा गॅसवे, एकतीस वर्षं गिरणीत तिच्या उजव्या हाताला बसलेली. आवाज नेहमीचाच होता, जरा जाड, जरा हसरा. वॉशिंग्टनचं की माँटगोमेरीचं, सरकारचं काहीतरी पत्र आलंय म्हणाली. "माझे डोळे तुला माहीतच आहेत. येऊन वाचून दाखव गं. आणि येताना दोन टोमॅटो आण, माझ्याकडचे पक्ष्यांनी खाल्ले." व्हर्लीन म्हणाली, येते. फोन ठेवला तेव्हा तिच्या बोटांची टोकं गार पडली होती, बर्फात हात घालून काढल्यासारखी, आणि ती बोटं गार का पडली हे तिला अगदी नेमकं माहीत होतं.

टोमॅटो धुवून, पिशवीत घालून, पिशवी शोधत ती दोनदा स्वयंपाकघरात आली. पिशवी हातातच होती. शेवटी गाडीत बसली. शेजारच्या सीटवर तिचं कॉलेजचं पुस्तक पडलं होतं, दवाखान्याच्या बिलांवर कुठल्या आजाराला कुठला आकडा घालायचा ते शिकवणारं. सरकारच्या मदतीतून मिळालेलं पुस्तक, सरकारच्या मदतीतून मिळालेलं दप्तर, आणि वर्गात आजूबाजूला तिच्या मुलीपेक्षा लहान पोरी. परदेशातून स्वस्त मोजे आले, गिरणी बंद पडली, म्हणून सरकार म्हणालं की या बायांना दुसरं काहीतरी शिकवू, शिकेपर्यंत घर चालेल एवढं देऊ आणि आजारपणाच्या विम्याचा मोठा वाटाही उचलू. व्हर्लीनला हे सगळं जूनपासून मिळत होतं. मधुमेहाचा आकडा तिला तोंडपाठ होता. डोळ्यांत उतरलेल्या मधुमेहाचा निराळा आकडा असतो, तोही होता. तिने पुस्तक उचललं, सीटवर पालथं घातलं, मग तेवढंही पुरेसं वाटेना म्हणून मागच्या सीटखाली सरकवलं, आणि किल्ली फिरवली.

गाव ओलांडायला चार मिनिटं लागतात. वेशीवर अजून पाटी आहे, जगाच्या पायांत आमचे मोजे, आणि पाटीखाली कुणीतरी जुन्या गाद्या आणून टाकल्यात. आमच्या गावाबद्दल काय काय सांगतात त्यातलं निम्मं हॉइट क्रंपटनने सांगितलेलं असतं. हॉइट म्हणजे गिरणीतला मशीन दुरुस्त करणारा, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. त्याचं म्हणणं असं, की अठ्ठ्याहत्तर सालच्या नाताळात कुणीतरी एक मशीन बंद करायला विसरलं आणि चार दिवसांच्या सुट्टीत ते एकच मोजा विणत बसलं. मोजा खिडकीतून बाहेर पडला, कोर्टाला वळसा घालून डोंगर चढला, राज्याची हद्द ओलांडून जॉर्जियात गेला, आणि एक वासरू पोटरीतून आत शिरलं ते थेट टाचेपाशी सापडलं, चांगलं धष्टपुष्ट. टाचेपाशी त्याला खायला काय मिळालं हे विचारलं की हॉइट म्हणायचा, त्या मोज्याचं टोक अजून उघडंच होतं ना, गवत आत येत होतं. मग टोकवाल्या बायांकडे बघून तो म्हणायचा, "म्हणून सांगतो बायांनो, तुम्ही नसतात तर देशातली सगळी गुरं मोज्यांत असती."

टोकवाल्या म्हणजे व्हर्लीन, डेल्फा आणि आणखी चाळीसजणी. मशीन मोजा विणून देतं, पण पुढे, जिथे पायाची बोटं येतात तिथे, तो पिशवीसारखा उघडा राहतो. ते तोंड बंद करणं हे हातांचं काम. समोर एक गोल चकती फिरत असते, तिच्या कडेला दातांसारखे बारीक काटे, आणि उघड्या तोंडाच्या दोन्ही कडांचा एकेक टाका एकेका काट्यावर चढवायचा. चकती थांबत नाही. शिंकायचं असलं तरी थांबत नाही. डोळ्यांनी हे काम होत नाही, डोळे मागे पडतात. ते बोटांच्या पेरांनी होतं. एक टाका सुटला तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. मोजा गुळगुळीत, टोक बंद, सगळं छान. पण कुणीतरी कुठेतरी तो घालतो, दोन वेळा धुतो, आणि तिसऱ्या वेळी त्याचा अंगठा बाहेर येतो. डेल्फाला ते आधीच कळायचं. ती स्वतःची चकती चालू ठेवून, मान न वळवता, डावा हात लांब करून व्हर्लीनच्या पेटीतला मोजा उचलायची, टोकावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "एक सुटला. मागे जा." पहिल्या वर्षी व्हर्लीनला त्याचा राग यायचा. नंतर नंतर तिला त्याच्याशिवाय करमेना. आपली चूक कुणीतरी वेळेवर पकडणार आहे या भरवशावर माणूस किती निवांत झोपतं, हे ती सोय गेल्यावरच कळतं.

गिरणीशेजारून जाताना ती कधी बघत नसे. आज बघितलं. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या आणि दारात कुणीतरी कलिंगडांचा टेम्पो लावला होता. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, अकरा तारखेला, शुक्रवारी, त्या दारातून डेल्फा शेवटची बाहेर पडली. पहिल्या तुकडीत वयाने मोठ्या टोकवाल्या काढल्या, सहाजणी. पाचजणींचे नवरे कमावते होते किंवा मुलं दूर कुठे राहत होती. त्या निघून गेल्या, एक तर टेनेसीला जाऊन लेकाकडे राहिली. डेल्फा राहिली, कारण तिला जायला कुठे नव्हतं. बाकीच्यांना हळूहळू काढलं, आणि या जानेवारीत दाराला कुलूप. शेवटच्या दिवशी मालकाच्या जावयाने खुर्चीवर उभं राहून सांगितलं, की मागणी फिरली तर पहिला फोन टोकवाल्यांना. सगळ्याजणी त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्याच्या पायांत कुठले मोजे आहेत तेही बघत होत्या. मुकादमीण मिस इर्मा मात्र दारात प्रत्येकीचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, कागदांवर सह्या-बिह्या करत बसू नका गं बायांनो, ते बरं दिसत नाही. व्हर्लीनचा हात तिने जरा जास्तच वेळ धरला. का धरला असेल, याचा विचार व्हर्लीनने त्या दिवसापासून किती वेळा केला, ते देवालाच ठाऊक. मिस इर्माच्या हातांना क्रीमचा वास यायचा, आणि तो वास पुढे कितीतरी दिवस व्हर्लीनला पावाच्या पिशवीला येत होता. पावाच्या पिशवीकडे तर ती येणारच होती. कितीही गल्ल्या बदलल्या तरी मन शेवटी तिथेच गाडी नेऊन उभी करायचं.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला हॉइटने अर्ज आणला. सरकारी मदत हवी तर गिरणीतल्या तिघांनी सह्या करून अर्ज करायचा. बाकी सगळे मग त्याच एका अर्जाखाली येतात. हॉइटच्या ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरला. हॉइटने सही केली, खाली तारीख. मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या खात्यातल्या मोझेलने सही केली, खाली तारीख. तिसरी डेल्फानेच करायची होती, पण हॉइट म्हणाला की अलीकडे काम सुटलेल्यांची नावं असली तर बरी, आणि डेल्फा म्हणाली, "माझी सही आता दोन रकान्यांत जाते, एकात मावत नाही. व्हर्लीन करेल. माझ्या वाटणीचीही तीच करेल." सगळे हसले. व्हर्लीनपण हसली. आणि म्हणाली, पेन नीट चालत नाहीये, मी घरी नेऊन सही करते आणि आजच पोस्टात टाकते. पेन नीट चालत होतं. हॉइटने नंतर विचारलं, टाकलास का? ती म्हणाली, टाकला.

सतरा दिवस तो अर्ज तिच्या फ्रीझरमध्ये होता. पावाच्या पिशवीत गुंडाळून, भेंडीच्या पिशव्यांखाली. टेबलाच्या खणात तो सारखा दिसायचा, बायबलात ठेवायची लाज वाटली. त्या सतरा दिवसांत ती भेंडी सोडून सगळं रांधत होती. मक्याचा पाव आणि घेवडा, घेवडा आणि मक्याचा पाव. सकाळी उठून फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायची, लाइन चालू आहे ना, आणि पटकन खाली ठेवायची, नेमका त्याच क्षणी मिस इर्मा फोन करत असली तर. अंघोळ दार उघडं ठेवून. शेजारची पोरं अंगणात ओरडली की तिला वाटायचं आत वाजला. रेफ्रिजरेटर घरघरायला लागला की ती घरघर चकतीची व्हायची, आणि मांडीवर तिची बोटं नुसत्या हवेत टाके चढवायला लागायची, आणि चकती थांबत नसे.

आता त्या सात वर्षांच्या मुलीचं सांगायला हवं, कारण फ्रीझरचं दार तिनेच उघडलं होतं. एकसष्ट साल. आमच्या रस्त्यावर सात घरांत मिळून टेलिफोनची एकच तार होती. कुणाचाही फोन आला तरी घंटा सातही घरांत वाजायची, आणि कुणाचा ते घंटेच्या चालीवरून ओळखायचं. व्हर्लीनच्या घराची चाल दोन लांब, एक आखूड. रस्त्याच्या टोकाला डेल्फाचं माहेर, त्यांची एक लांब, दोन आखूड. त्या वर्षी गिरणीत कामगार संघाची माणसं आली, आणि व्हर्लीनच्या आईने याच स्वयंपाकघराच्या टेबलावर संघाच्या एका कार्डावर पेन्सिलीने सही केली. फार शूर होती म्हणून नव्हे. समोरच्या माणसाने फार नम्रपणे टोपी हातात धरली होती म्हणून. मग उन्हाळ्यात काम मंदावलं, सगळ्यांना घरी बसवलं, आणि शरदात मुकादमीण एकेकीला फोन करून परत बोलवायला लागली. सोमवारी सकाळी घंटा सुरू झाल्या. आई भांडी घासता घासता थांबली. तीन आखूड, ते हॉलंड. एक लांब, ते म्हातारी बायर्ड. एक लांब, दोन आखूड. प्रत्येक घंटेला आईची मान जराशी वर व्हायची, चाल पुरी होईपर्यंत तशीच राहायची, आणि मग खाली. संध्याकाळपर्यंत सहा चाली वाजल्या, सातवी नाही. मंगळवारी आईने भांडी घासलीच नाहीत, खुर्ची फोनखाली ओढून बसली. ती खुर्ची तिथून हलली तेव्हा व्हर्लीन तिसरीत गेली होती. भूक, उधारी, बापाचं पिणं, यातलं व्हर्लीनला फारसं आठवत नाही. आठवते ती घंटेच्या पहिल्या सुरानंतरची ती वेळ, दुसरा सूर लांब निघतो की आखूड हे कळेपर्यंतची. आयुष्यभर ती त्या वेळेतच राहत होती असं म्हटलं तरी चालेल. गिरणी, लग्न, लेक, नवऱ्याचं मरण, हे सगळं अधूनमधून घडत गेलं.

सतराव्या दिवशी, तेरा मार्चला, सोमवारी सकाळी फोन वाजला. व्हर्लीन अंगणातून पळत आली, पायरीवर नडगी फोडून घेतली, आणि धापा टाकत म्हणाली, हो, मिस इर्मा. पलीकडे डेल्फा हसली. म्हणाली, मिस इर्माला माझाही नमस्कार सांग. मग इकडचं तिकडचं बोलली, आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की इन्शुलिन आता ती अर्धं अर्धं टोचून घेते, म्हणजे दुप्पट दिवस पुरतं. "अर्जाला सतरा दिवस झाले ना गं? लवकरच काहीतरी कळेल." व्हर्लीन म्हणाली, हो, सतरा. फोन ठेवून तिने फ्रीझर उघडला. कागद पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. ओव्हनच्या दारावर ठेवून तो मऊ केला आणि टेबलाशी बसून सही केली, आपली आणि डेल्फाची मिळून एक. खाली तारखेचा रकाना होता. वर हॉइटची चोवीस फेब्रुवारी, मोझेलची चोवीस फेब्रुवारी. एक क्षण पेन त्याच तारखेकडे वळलं, दोनाचा आकडा काढायच्या बेताला आलं. पण सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, एवढं तिला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेलं होतं. सतरा दिवस खोटं बोलून झालेल्या बाईने अगदी सुवाच्य अक्षरात खरी तारीख लिहिली, आणि हलकं वाटून पोस्टात गेली.

अर्ज मंजूर झाला. मे महिन्यात चर्चच्या तळघरात सभा झाली, सगळ्यांना केळ्याचं पुडिंग, आणि राज्याच्या कचेरीतली एक तरुण बाई फळ्यावर समजावायला उभी. ती म्हणाली की अर्जाच्या तारखेपासून मागे बरोब्बर एक वर्ष मोजायचं, त्या वर्षात ज्यांचं काम गेलं त्यांना मदत. आणि अर्जाची तारीख म्हणजे तिसरी सही झाली ती. तिने फळ्यावर लिहिलं, तेरा मार्च, आणि खडू खाली ठेवला. व्हर्लीनने डेल्फाच्या अकरा आणि या तेरा यांच्यामध्ये किती दिवस असतात ते मोजलं. परत मोजलं. बोटांच्या पेरांवर मोजलं, जिथे मोजलेलं कधी चुकत नाही. दोन. शेजारी डेल्फा वाटीतलं पुडिंग चमच्याने चाचपत होती. ते तिला चालत नव्हतं, पण घेतलं होतं. "काय लिहिलं तिने?" डेल्फाने विचारलं. "तारीख आहे कसलीतरी," व्हर्लीन म्हणाली. तिथे बोलली असती तर. पुढे डेल्फाचा स्वतःचा फॉर्म भरायला बसली तेव्हा बोलली असती तर. पण फॉर्म भरतानाही, कामाचा शेवटचा दिवस या रकान्यात, तिने खरंच लिहिलं, अकरा, आणि आपल्या अक्षराकडे बघत राहिली. कागदावर तिला खोटं जमत नव्हतं आणि तोंडाने खरं.

डेल्फाचं घर डोंगराच्या पायथ्याशी. डेल्फा पोर्चवर बसली होती, मांडीवर पत्र्याचं घमेलं, पायाशी वालाच्या शेंगांची पाटी. शेंग उचलायची, अंगठ्याने शिवण उसवायची, दाणे घमेल्यात. टण टण टण. डोळे कुठेतरी रस्त्यापलीकडे. "दुसरा गिअर अजून खरखरतो तुझा," ती म्हणाली, गाडीचा आवाज ओळखून. व्हर्लीनने टोमॅटो दिले. डेल्फाने एकेक हातात घेऊन वजन केलं, नाकाला लावला, बरे आहेत म्हणाली, आणि बसायला सांगितलं. पत्र दोन खुर्च्यांमधल्या तिपाईवर होतं, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून गोड चहाचा पेला. व्हर्लीनने पेला उचलला. पाकीट फोडलेलं होतं. वरची कड सरळ कापलेली, धारदार चाकूने, जसा मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात असतो. आणि पेला ठेवायला जागा करताना तिला दिसलं, तिपाईवरच्या बशीत पेपरमिंटच्या गोळीचा कागद होता, पिळून गाठ मारलेला. गिरणीत चाळीस बायांच्या पेट्यांत तसले गाठ मारलेले कागद सापडायचे.

व्हर्लीनच्या कानांत चकती सुरू झाली. हॉइट आज आला असेल, किंवा काल. दुसऱ्याच कशासाठी आला असेल, नळ दुरुस्त करायला. पाकीट त्याने फक्त फोडून दिलं असेल. माणूस पाकीट फोडून देतो आणि निघून जातो, घाईत असतो. पण हॉइट जन्मात कधी घाईत नव्हता. आणि वाचलं असेल तर सगळं वाचलं असेल का? हॉइटला वाचताना ओळी गाळायची सवय आहे, गोष्टी सांगणाऱ्यांना असतेच. तिने डेल्फाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, ऊन होतं. शेंगांचा आवाज तेवढ्याच चालीने चालू होता. डेल्फा म्हणाली, "वाच की."

व्हर्लीनने वाचायला सुरुवात केली. डेल्फा गॅसवे यांना कळवण्यात येतं की. आवाज तिचा नव्हता, वर्गात पुस्तक वाचायला उभं केलेल्या कुणा पोरीचा होता. आपला मदतीचा फॉर्म मिळाला. आपलं काम अकरा मार्च, दोन हजार पाच या दिवशी संपल्याची नोंद आहे. पुढची ओळ तिला पुरी दिसत होती. तिच्यात अर्जाची तारीख होती, तेरा मार्च, दोन हजार सहा, आकड्यांत आणि मग अक्षरांतही, सरकारला एकदा लिहून समाधान होत नाही. त्या ओळीशी ती आली आणि तिची नजर, कुणी ढकलल्यासारखी, एक ओळ खाली उतरली. सबब आपण या मदतीस पात्र ठरत नाही, तिने वाचलं. या निर्णयाविरुद्ध दाद मागायची असल्यास. ती पुढे वाचत गेली, आणि दोन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दाण्यांचा आवाज थांबलाय.

डेल्फाने मान वळवली नव्हती. डावा हात मात्र लांब केला होता, आणि पत्र धरलेल्या व्हर्लीनच्या हातावर तो येऊन टेकला होता, अंगठा बोटांच्या पेरांवर. अंगठ्याला शेंगांचा चिकट ओलसरपणा होता.

"एक सुटला," ती म्हणाली. "मागे जा."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो डोंगराच्या वळणापलीकडे जाईपर्यंत व्हर्लीनने त्याचा आवाज ऐकला. मग तिने मागे जाऊन ती ओळ वाचली. तारीख आकड्यांत वाचली आणि अक्षरांतही वाचली. दर आकड्यागणिक तिला वाटत होतं की आता अंगठा दाबला जाईल, किंवा उचलला जाईल. तो तिथेच होता. मग डेल्फाने विचारलं, सतरा दिवस कुठे होता तो. "फ्रीझरमध्ये," व्हर्लीन म्हणाली. "भेंडीखाली." डेल्फाच्या गळ्यातून काहीतरी आवाज निघाला. ते हसू होतं, पण त्याचं पुढे काही झालं नाही.

"आमचा फोन वाजला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते. आई उड्या मारत होती. मी खिडकीतून बघितलं, तर तुझी आई दारात उभी, हातात ओलं फडकं. मला तेव्हापासून वाटतं की आम्ही तुमचं काहीतरी घेतलं." तिने हात काढून घेतला आणि घमेल्यात घातला, पण शेंग उचलली नाही. "तू मला सांगितलं असतंस ना, की मला भीती वाटते. मी स्वतः सही केली असती. चार रकान्यांत गेली असती तरी केली असती."

व्हर्लीनला सांगायचं होतं की सांगण्यासाठी आधी ते स्वतःला सांगावं लागतं. सांगायचं होतं की मी खरी तारीख लिहिली. ते वाक्य तिच्या तोंडात तयार झालं आणि किती भयंकर आहे हे तिला तिथेच कळलं. तिने विचारलं, औषधाचं काय करणार आहेस. डेल्फा म्हणाली, शेजारच्या जिल्ह्यातला दवाखाना नमुन्याच्या बाटल्या देतो, कधी देतो कधी नाही. हॉइट नेणार आहे. "मी नेते," व्हर्लीन म्हणाली. "उद्या फोन करते, सकाळीच."

"नको," डेल्फा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर धरायला काहीतरी झालं असतं. "काही दिवस फोन करू नकोस मला. येऊही नकोस. वाटलं की मीच करीन."

मग ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. व्हर्लीनने पत्र घडी घालून पेल्याखाली ठेवलं, पायऱ्या उतरली, आणि गाडी रस्त्याला लागताना दुसऱ्या गिअरची खरखर पोर्चवर ऐकू गेली असेल या विचाराने तिच्या कपाळावर घाम आला.

हॉइट पुढे कधीतरी दुकानात बसून ही गोष्ट सांगेल. म्हणेल, डेल्फाचा फोन आला, अगदी बरोब्बर सतराव्या दिवशी आला, आणि घंटा वाजली ती साधी नव्हती, जुन्या तारेवरची, दोन लांब, एक आखूड. पण हॉइटचा मोजा जॉर्जियापर्यंत गेला होता आणि त्यात वासरू होतं, हे लक्षात ठेवूनच ते ऐकावं. इथे, व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात, डेल्फाकडून आल्याचा अजून नववाच दिवस आहे. सकाळी तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि पटकन ठेवला. कॉलेजला गेली नाही. ओट्यावर टोमॅटो मऊ पडत चाललेत. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची तिने मघाशी, केर काढायला म्हणून, भिंतीशी ओढली, फोनच्या खाली, आणि केर काढून झाल्यावर ती परत जागेवर ठेवायची राहिली. तिथे बसलं की रस्ता दिसत नाही. हल्लीच्या फोनला चाल नसते, सगळ्यांचे सारखेच वाजतात, त्यामुळे पहिल्या सुरावरून काही कळत नाही, उचलावाच लागतो. फ्रीझर घरघरायला लागला. मांजर दारातून तिच्याकडे बघत होतं. व्हर्लीनची मान जराशी वर झाली होती, आणि तिने ती अजून खाली आणली नव्हती.